‘माझ्या मशीनवर तर चालतंय’: टेस्टरच्या खुर्चीतून

सॉफ्टवेअरचं टेस्टिंग बिल्ड, म्हणजे तपासायची तयार आवृत्ती, आल्यावर सुरू होतं, असं बाहेरून वाटतं. आतला हिशेब वेगळा आहे. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा; दोन आठवड्यांचा असेल तर कामाचे दहा दिवस. पहिला दिवस प्लॅनिंगमध्ये जातो, शेवटचा डेमो आणि रेट्रोमध्ये (झालेल्या कामाच्या आढाव्यात). डेव्हलपरकडून कोड हातात पडतो तो बहुतेक वेळा सातव्या-आठव्या दिवशी, तोही संध्याकाळी. तपासायला उरतात एक-दोन दिवस. ज्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्टोरी, म्हणजे काय बनवायचं त्याची लेखी मागणी, उघडली, तो बटणं दाबून बघतो, हिरवं दिसलं की ‘पास’ लिहितो आणि घरी जातो. ज्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते, त्याला तेवढे पुरतात.

ही तयारी म्हणजे स्टोरी वाचून प्रश्न काढणं. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, एसटीचं तिकीट. नियम वरवर सोपे आहेत. ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत, आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं. असं तिकीट काढणारं एखादं ॲप आपल्याकडे तपासायला आलंय असं समजा. स्टोरीत चार नियम चार ओळींत असतात, डेव्हलपर कोडमध्ये चार ‘इफ’ (अटी) लिहितो आणि मोकळा होतो.

आता प्रश्न बघा. दहा वर्षांच्या मुलीचं तिकीट अर्ध्याचं अर्धं होतं की अर्धंच राहतं? सत्तर वर्षांच्या आजींना कोणती सवलत लावायची, ज्येष्ठाची की महिलेची? तिकिटाची रक्कम दोन्हीकडे सारखीच येते, पण सवलतीचे पैसे सरकारकडून मागताना कोणत्या योजनेखाली किती प्रवासी दाखवले तो अहवाल बदलतो. गाडी सावंतवाडीहून पणजीला जाणारी असेल तर सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. मग हद्दीवरच्या बांद्यापुढचं पूर्ण भाडं कोणत्या टप्प्यापासून मोजायचं? वय बुकिंगच्या दिवशीचं धरायचं की प्रवासाच्या? ज्यांना उद्या पंचाहत्तर पूर्ण होणार त्या आजोबांनी परवाचं तिकीट आज काढलं तर? फॉर्ममध्ये लिंगाचे पर्याय तीन आहेत, नियमात उल्लेख एकाचाच आहे. उरलेल्या दोघांना काय? अर्धं भाडं अपूर्णांकात आलं तर वर न्यायचं की खाली, आणि ते प्रत्येक तिकिटावर की चौघांच्या बेरजेवर?

हे प्रश्न मनात ठेवून भागत नाही. कागदावर तक्ता काढायचा. वयाचे गट पाच, लिंगाचे पर्याय तीन, हद्दीच्या आत किंवा बाहेर असे दोन: पाच त्रिक पंधरा, दुणे तीस. तीस चौकोन. त्यातले बरेच शेवटी एकत्र होतात, कारण उत्तर एकच येतं. पण आधी सगळे भरायचे. जो चौकोन भरता येत नाही तो घेऊन प्रॉडक्ट ओनरकडे (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याकडे) जायचं, आणि उत्तर तोंडी घ्यायचं नाही, स्टोरीच्या कॉमेंटमध्ये लिहून घ्यायचं. तीन महिन्यांनी कुणी ‘हे असं कुणी ठरवलं?’ म्हणालं की ती एक ओळ कामाला येते. याला पुस्तकात डिसिजन टेबल म्हणतात. नाव पाठ असलेले पुष्कळ भेटतात, काढणारे कमी.

सीमारेषांचं तसंच. ६५ आणि ७५ या आकड्यांवर तीन-तीन तारखा घ्यायच्या: वाढदिवसाचा आदला दिवस, तोच दिवस, दुसरा दिवस. कारण चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी असते, ‘पेक्षा जास्त किंवा समान’ लिहायच्या ठिकाणी नुसतं ‘पेक्षा जास्त’ लिहिण्यात. मधल्या वयाची चाळीस माणसं तपासून ती सापडत नाही, सीमेवरचा एक माणूस पुरतो. सोबत २९ फेब्रुवारीला जन्मलेला एक प्रवासी कायमचा तयार ठेवावा.

तारखेतली सर्वांत चिवट चूक मात्र वेगळीच असते. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा वाजता तारीख बदलते, सर्व्हरला मात्र पहाटे साडेपाचपर्यंत ‘काल’च असतो. या साडेपाच तासांत वय एक दिवसाने चुकतं, ‘आजची गाडी’ कालची ठरते, दिवसाचा अहवाल भलत्या दिवसात जातो. टेस्टर दहाला येतो आणि सातला जातो, त्याला हे कधीच दिसत नाही. फोनची तारीख बदलून बघावी म्हटलं तर सर्टिफिकेट आणि लॉगिनचं टोकन आधी रुसतात. खरा मार्ग एकच: डेव्हलपरला सुरुवातीलाच सांगायचं, की टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये (तपासणीसाठीच्या वेगळ्या यंत्रणेत) ‘आत्ता किती वाजले’ हे बाहेरून देता येईल अशी सोय कर. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तो करतो. आठव्या दिवशी सांगितलं तर ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’.

बिल्ड आलं की आधी स्मोक. पंधरा-वीस तपासण्या, वेळ अर्धा तास: ॲप उघडतं का, लॉगिन होतं का, एक साधं तिकीट निघतं का, रद्द होतं का. यात काही पडलं तर बिल्ड परत. इथे भिडस्तपणा महागात पडतो. ‘लॉगिन पडलंय, पण बाकीचं बघून ठेवते’ म्हणून घालवलेला दिवस वाया जातो, कारण दुरुस्त बिल्ड आल्यावर सगळं पुन्हा करावंच लागतं. आणि बिल्ड नंबर लिहून ठेवायचा. कालच्या बिल्डवर सापडलेला बग (चूक) आजच्या बिल्डवर टाकला की तो ‘नॉट रिप्रोड्युसिबल’, म्हणजे पुन्हा घडवता येत नाही, असा शेरा घेऊन परत येतो, आणि चूक आपली असते.

डेव्हलपरची ठरलेली उत्तरं तीन: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’, ‘कॅशे क्लीअर केलास का?’ आणि ‘असं कोण करणार?’. पहिलं उत्तर बहुधा खरं असतं, म्हणून त्यावर चिडण्याऐवजी त्याच्या मशीनवर वेगळं काय आहे ते विचारायचं. त्याच्या डेटाबेसमध्ये वीस ओळी असतात, आपल्याकडे वीस लाख. तो ॲडमिन म्हणून आत असतो. त्याचं सर्व्हर आणि ब्राउझर एकाच लॅपटॉपवर, त्यामुळे नेटवर्कला उशीर नावाची गोष्टच नाही. त्याची भाषा इंग्रजी, त्याच्या मशीनचं घड्याळ भारतीय, आणि जुन्या आवृत्तीवरून अपडेट त्याने कधी केलेलंच नसतं, तो दरवेळी नव्याने इन्स्टॉल करतो. ही यादी पाठ असली की निम्मे ‘न सापडणारे’ बग त्याच्यासमोर पाच मिनिटांत घडवून दाखवता येतात.

पैशाचा भाग आला की हात सैल सोडून चालत नाही. यूपीआयने पैसे भरताना आपलं ॲप मागे जातं, पेमेंटचं ॲप पुढे येतं, पिन टाकला जातो आणि माणूस परत येतो. स्वस्त, दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर तेवढ्या वेळात अँड्रॉइड आपलं ॲप गुपचूप मारून टाकतं. परत आल्यावर मुख्य पान दिसतं, पैसे गेलेले असतात, तिकिटाचा पत्ता नसतो. ऑफिसातल्या चांगल्या फोनवर हे दिसत नाही. पण त्यासाठी जुना फोन शोधत बसायची गरज नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचा खटका असतो, तो लावला की महागातला फोनही गरिबासारखा वागू लागतो.

मग उशिराचे प्रकार. सीट दहा मिनिटं अडवून ठेवली जाते असं धरा. बँकेचं उत्तर पाच सेकंदांत आलं तर काय, एक मिनिटाने आलं तर काय, हे तपासतात सगळेच. अकराव्या मिनिटाला ‘यशस्वी’ आलं तर? सीट सुटून दुसऱ्याने घेतलेली असते. पहिल्याला तिकीट नाही, आणि पैसे मात्र गेलेले. यासाठी खऱ्या बँकेवर विसंबता येत नाही. पेमेंटच्या जागी खोटी सेवा उभी करायची, आणि तिला मुद्दाम उशीर करायला, तेच उत्तर दोनदा पाठवायला, उलट्या क्रमाने पाठवायला सांगायचं. ‘यशस्वी’ दोनदा आलं तर तिकिटं दोन निघता कामा नयेत. पिन टाकल्याबरोबर एअरप्लेन मोड लावायचा, हा एक साधा पण बिनचूक प्रयोग.

पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. म्हणजे ‘पेंडिंग’ राहिलेल्या व्यवहारांचं पुढे काय होतं हीसुद्धा तपासायचीच गोष्ट आहे. ती स्क्रीनवर नसते, रात्री आपोआप चालणाऱ्या हिशेब-जुळवणीच्या प्रोग्रॅममध्ये असते, आणि म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

इथे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लागतं. फार नाही. सिलेक्ट, दोन टेबलांचं जॉइन, ग्रुप बाय आणि हॅविंग. तिकीट काढल्यावर बुकिंगची एक ओळ, पेमेंटची एक, सीटची एक, अशा तीनच ओळी झाल्या का ते बघायचं. एका गाडीच्या एका सीटवर एकापेक्षा जास्त चालू बुकिंग आहेत का, ही चार ओळींची क्वेरी प्रत्येक रिग्रेशननंतर, म्हणजे जुनं सगळं पुन्हा तपासून झाल्यावर, चालवावी. स्क्रीनने ‘तुमचं तिकीट निघालं’ म्हणणं आणि तिकीट निघणं यांत बरंच अंतर असतं. एपीआयची, म्हणजे ॲप सर्व्हरशी ज्या वाटेने बोलतं तिची, उत्तरंही अशीच फसवी: स्टेटस २०० (‘सगळं ठीक’), आणि आत मजकूर ‘एरर’.

मराठीचा प्रश्न तर आपल्याच घरचा. ‘मराठी सपोर्ट आहे’ असं लिहिलेलं ॲप आलं की पहिला शब्द टाकायचा तो कऱ्हाड. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ०९३१ हा एकच सांकेतांक, किंवा ०९३० म्हणजे साधा ‘र’ आणि त्यापुढे ०९३सी म्हणजे नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. एका कीबोर्डवरून साठवलेलं गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की ‘असे ठिकाण सापडले नाही’. साठवताना आणि शोधताना मजकूर एकाच रूपात आणणं, म्हणजे नॉर्मलायझेशन, हा उपाय, आणि तो दोन्हीकडे हवा. शोधाच्या बाजूला केला आणि जुना डेटा तसाच ठेवला, तर बग अर्धा जातो आणि अर्धा दिसेनासा होतो, जे जास्त वाईट. मग ‘कराड’ लिहिणाऱ्यांचं काय करायचं, हा आणखी वेगळा प्रश्न.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर वाटतं, पण आत चार चिन्हं आणि बारा बाइट असतात. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये ५० लांबीचा रकाना केला आणि लांबी बाइटमध्ये धरली, जी तिथली मूळ सेटिंग आहे, तर मराठी नावाची सोळाच चिन्हं मावतात. इंग्रजीत नाव टाकून पास केलेला फॉर्म मराठी नावावर थेट एरर देतो. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका मेसेजात १६० अक्षरं, मराठीत ७०. एकाहत्तरावं चिन्ह आलं की दोन मेसेजचं बिल. क्लायंटला हे वेळेत सांगणारा टेस्टर त्याच्या लक्षात राहतो.

आकड्यांतही गंमत आहे. रकमेच्या रकान्यात ‘५००’ देवनागरीत टाकून बघा. सर्व्हरवरच्या जावा भाषेतलं इजडिजिट हे फंक्शन त्याला अंक मानतं, स्क्रीनवरच्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकूर ताडून बघायच्या साच्यातलं) अंकाचं चिन्ह मानत नाही. पुढचा दरवाजा (स्क्रीन) अडवतो, मागचा (सर्व्हर) सोडतो. नावांसाठी वसई-गोव्याकडचं ॲपॉस्ट्रॉफीवालं डिसोझा हे आडनाव, नुसतं एका अक्षराचं नाव, आणि आडनावच नसलेला माणूस, एवढे तिघे संग्रही असावेत.

टेस्ट डेटा बनवायचा तर आपल्याकडच्या क्रमांकांची घडण माहीत हवी. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी. आयएफएससीची ११ चिन्हं, पाचवं नेहमी शून्य. आधारचे १२ अंक, पहिला ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला पडताळा असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले तर तो लगेच कळला पाहिजे. सोयीचं म्हणून प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेचा, खरा डेटा टेस्टिंगला उचलून आणण्याची सवय मात्र सोडावी. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधीसुद्धा टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधून खऱ्या ग्राहकांना गेलेल्या ‘टेस्ट १२३’ मेसेजांनी पुष्कळांची झोप उडवली आहे.

आता बग लिहिणं. या कामात टेस्टर दिसतो तो इथेच. ‘पेमेंट चालत नाही’ हे शीर्षक वाचून डेव्हलपर काहीच करू शकत नाही. ‘यूपीआय पेमेंट यशस्वी झाल्यावर ॲपमध्ये परत येताना ॲप नव्याने उघडलं तर तिकीट तयार होत नाही, सीट १० मिनिटांनी सुटते’, यात काय केलं, काय झालं, कधी झालं हे तिन्ही आहे. खाली बिल्ड नंबर, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, नेटवर्क, कोणत्या लॉगिनने केलं, ट्रान्झॅक्शन आयडी, आणि घड्याळातली वेळ सेकंदासकट. वेळ लिहिली की सर्व्हरच्या लॉगमधली (नोंदवहीतली) नेमकी ओळ मिनिटभरात सापडते. नाही लिहिली तर कुणीतरी तासभर ग्रेप मारत, म्हणजे लॉगमध्ये शब्द शोधत, बसतं. पायऱ्या रिकाम्या ॲपपासून लिहायच्या आणि टाकण्याआधी त्याच पायऱ्या स्वतः पुन्हा करून बघायच्या. पाचपैकी दोनदाच घडत असेल तर तसंच लिहायचं, ‘नेहमी’ लिहायचं नाही. एका बगमध्ये एकच गोष्ट. तीन कोंबल्या तर दोन दुरुस्त होतात, बगची नोंद बंद होते आणि तिसरी हरवते.

सिव्हिरिटी म्हणजे नुकसान किती, प्रायॉरिटी म्हणजे घाई किती. मुख्य पानावर क्लायंटचं नाव चुकलं तर नुकसान शून्य आणि घाई सगळ्यात जास्त. रोज प्रत्येक बगला ‘क्रिटिकल’ लावणाऱ्याचा खरा क्रिटिकल कुणी उघडत नाही. आणि बग माणसावर टाकायचा नसतो. ट्रायाजच्या, म्हणजे बगचा क्रम लावायच्या, बैठकीत ‘तुझ्या कोडमध्ये’ म्हटलं की पुढचा अर्धा तास कोड कुणाचा यावर जातो.

ऑटोमेशनकडे, म्हणजे तपासण्या प्रोग्रॅमकडून करून घेण्याकडे, सगळ्यांचा ओढा असतो, आणि बरोबर आहे, कारण पगार तिथे आहे. पण तिथे काय बिघडतं ते आधी समजून घ्यावं. नवशिक्याचं पहिलं हत्यार असतं थ्रेड स्लीप: पान यायला वेळ लागतो ना, मग थांबा पाच सेकंद. ३०० टेस्ट, प्रत्येकीत असे चार थांबे. सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं नुसतं थांबण्यात. आणि ज्या दिवशी सर्व्हरला सहा सेकंद लागतात त्या दिवशी सगळं पडतं ते वेगळंच. अमुक घटक दिसेपर्यंत थांब, असं सांगणारा एक्स्प्लिसिट वेट वापरायचा, आणि सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनात त्यात इम्प्लिसिट वेट (सगळ्या घटकांना एकच मुदत) मिसळायचा नाही, कारण दोन्ही एकत्र आले की किती थांबेल याचा नेम राहत नाही. दुसरं दुखणं लोकेटर, म्हणजे पानावरच्या घटकाचा पत्ता. ब्राउझरमधून उचललेला लांबलचक एक्सपाथ म्हणजे ‘तिसऱ्या डब्यातल्या दुसऱ्या डब्यातलं चौथं बटण’; डिझायनरने एक डबा हलवला की संपलं. डेव्हलपरकडून टेस्टसाठी वेगळी आयडी मागून घ्यावी, त्याची दोन मिनिटं जातात. तिसरं, एकमेकींवर टेकलेल्या टेस्ट. पहिली टेस्ट तिकीट काढते, दुसरी तेच रद्द करते. समांतर चालवल्या की दोन्ही पडतात.

कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टला ‘फ्लेकी’ म्हणतात, आणि टीमचा पहिला उपाय असतो तीनदा चालवा, एकदा पास झाली की पास धरा. यात खरा बग झाकला जातो, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी पोचल्या तरच होणारी चूकही नेमकी तशीच कधीमधी दिसते. अशी टेस्ट बाजूला काढावी, तिच्यावर तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव टाकावं, आणि बिघाडाचं कारण सापडेपर्यंत तिचा निकाल मोजू नये. भाड्याचे तीस चौकोन स्क्रीनवरून तपासायचेच कशाला? ते एपीआयवर काही सेकंदांत होतात. स्क्रीनवरून दोन-तीन प्रवास पुरेत.

आता करिअरचं. ज्यांनी वीस वर्षांत हे क्षेत्र बघितलं, त्यांनी हत्यारं बदलताना पाहिली आहेत. विनरनर गेलं, मर्क्युरीचं क्यूटीपी आलं, २००६मध्ये मर्क्युरी एचपीने घेतली, क्यूटीपीचं यूएफटी झालं. दरम्यान २००४मध्ये शिकागोत थॉटवर्क्समध्ये जन्मलेलं फुकटचं सेलेनियम सगळीकडे पसरलं, २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. ज्यांना फक्त क्यूटीपीचं रेकॉर्ड-प्लेबॅक येत होतं त्यांना पुन्हा पहिलीपासून बसावं लागलं. ज्यांना काय तपासायचं हे कळत होतं त्यांनी दोन महिन्यांत नवी भाषा शिकून घेतली. म्हणून ‘सेलेनियम की प्लेराइट?’ या प्रश्नावर फार रात्री जागवू नयेत. एक भाषा, जावा किंवा पायथन, नीट शिकावी. सोबत गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), एसक्यूएल, एपीआय आणि लिनक्सवर लॉग वाचता येणं.

नुसतं मॅन्युअल करून पाच-सहा वर्षांपुढे जाणं आता अवघड आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. काही कंपन्यांनी टेस्टर हे वेगळं पदच काढलं. मायक्रोसॉफ्टने २०१४च्या सुमारास डेव्हलपर आणि टेस्टर यांच्यातली भिंत पाडली. अपवाद आहे तो विषयाच्या जाणकारांचा. बँकेचं क्लिअरिंग, विम्याचा क्लेम, हॉस्पिटलचं बिलिंग ज्याला आतून कळतं, त्याला कोड कमी आला तरी मागणी राहते, आणि बँकेतून किंवा विम्यातून उशिरा टेस्टिंगमध्ये आलेल्यांची हीच खरी जमेची बाजू आहे. पुण्यात आणखी एक वाट आहे जिच्याकडे कॉम्प्युटरवाल्यांचं लक्ष कमी जातं: गाड्यांचं सॉफ्टवेअर. तिथे खरा ईसीयू (गाडीतला नियंत्रक संगणक) टेबलावर ठेवून बाकीची गाडी संगणकावर भासवतात, याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. कॅन बसवरचे, म्हणजे गाडीच्या आतल्या नेटवर्कवरचे, संदेश वाचावे लागतात, आणि गाड्यांच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ या मानकाप्रमाणे धोक्याची पातळी ए ते डी ठरते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलवाल्यांनी वेब टेस्टिंगच्या गर्दीत शिरण्याआधी हे बघावं.

आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय टेस्टिंग मंडळाची फाउंडेशन परीक्षा द्यावी का? ४० प्रश्न, ६० मिनिटं, ६५ टक्के म्हणजे २६ बरोबर आले की पास. इंग्रजी मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात. सध्याचा अभ्यासक्रम २०२३चा. सर्व्हिस कंपनीत रेझ्युमे गाळला जातो तिथे ती कामी येते, प्रॉडक्ट कंपनीच्या मुलाखतीत कुणी विचारत नाही. परीक्षेच्या पैशात आणि वेळेत आधी एक रिपॉझिटरी (स्वतःच्या कोडचा संग्रह) उभी करावी: सॉस डेमोसारख्या सरावाच्या साइटवर पंधरा नीट लिहिलेल्या टेस्ट, रेस्टफुल बुकरवर एपीआयच्या दहा, सोबत लिहिलेले तीन बग. मुलाखतीत ‘ही लिफ्ट तपास’ असं विचारलं की लगेच वीस केस घडाघड म्हणू नयेत. आधी विचारावं: किती मजल्यांची, माणसांची की सामानाची, वीज गेल्यावर काय अपेक्षित आहे. समोरचा त्या प्रश्नांचीच वाट बघत असतो.

क्लासवाल्यांचा ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ हा प्रस्ताव आला तर उठून निघावं. पीएफच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात हे सगळं दिसतं, आणि पडताळणीवाले तेच बघतात. जॉइन होऊन चार महिने झाल्यावर लॅपटॉप जमा करायला सांगतात, ते फार वाईट. नोकरी बदलताना ९० दिवसांची नोटीसही हिशेबात धरावी. ‘लगेच येऊ शकाल का’ विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यावं.

एआयचं म्हणाल तर ते टेस्ट केस लिहितं, मिनिटात चाळीस. चांगल्या लिहितं. पण स्टोरीत जे लिहिलेलं नाही ते तुमच्या खात्यात कसं चालतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्या दहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न ते कधी काढतं, कधी स्वतःच उत्तर ठरवून पुढे जातं. दुसरीकडे, तपासायच्या वस्तूच आता एआयच्या येऊ लागल्या आहेत. तिकिटाच्या ॲपमध्ये मराठीत बोलणारा मदतनीस बसवला, तर ‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना एका ओळीत भरता येत नाही, कारण शब्द दरवेळी वेगळे येतात. मग उत्तरात काय असायलाच हवं आणि काय असता कामा नये, ते लिहायचं. ‘सत्तर वर्षांच्या आईचं सावंतवाडी ते पणजी तिकीट किती?’ हा प्रश्न वीस वेळा विचारायचा. कधी शुद्ध, कधी मालवणी वळणाने, कधी रोमन लिपीत. मॉडेलची आवृत्ती आणि प्रत्येक वेळ टिपून ठेवायची. बगच्या शीर्षकात मग आकडा येतो: ‘वीसपैकी तीन उत्तरांत बांद्यापुढेही सवलत लावली’. आणि सोबत वीसही उत्तरं जोडायची, बरोबर आलेली सतरा धरून.